मोरवाला मेहुणा

माझ्या मेहुण्याइतका शिकलेला माणूस उभ्या वसई-विरारमध्ये सापडणार नाही. बारावीनंतर कॉलेजचं तोंड न पाहता त्यानं जेवढं शिक्षण घेतलं, तेवढं घेताना दुसरा कुणी म्हातारा झाला असता. फ्रिजदुरुस्ती, केस कापणं, मेणबत्त्या, केकवरची नक्षी, एकेक विद्या तो शिकत गेला आणि प्रत्येकीचा सराव त्यानं एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये केला. मनवेलपाड्याला सासऱ्यांच्या दोन खोल्यांत जागा नाही, हे कारण. केस कापायला शिकला तेव्हा माझं अर्धं डोकं संपवून तो कात्रीला धार लावायला म्हणून गेला, तो दुसऱ्या दिवशी उगवला. मी टोपी घालून ऑफिसात गेलो. फ्रिज खोलला तेव्हा मात्र मी ओरडलो. "टेन्शन नका घेऊ, भाऊजी," तो फ्रिजच्या मागून म्हणाला, "आतमध्ये एकदम सिम्पल आहे." ते सिम्पल पुन्हा कधी थंड झालं नाही. आमच्या हिच्या मते दोष फ्रिजचाच होता.

सासरे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. चाळीत कुणीही भेटलं की विचारायचं, "मुलगा काय करतो?" या प्रश्नापायी ते भाजी आणायलाही लांबच्या रस्त्यानं जात. मुलगा डोळ्यांदेखत मार्गी लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ओळखीपाळखीनं त्यांनी त्याला वालीवच्या एका कारखान्यात चिकटवलं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत हा बाहेर पडला, तो परत गेलाच नाही. "तिथे रोज तेच बोल्ट बनवतात, भाऊजी," हे त्याचं स्पष्टीकरण. तेव्हापासून सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं आणि निरोप्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोघंही एकाच खोलीत बसलेले. "जावईबापू, त्याला सांगा, जेवून घे म्हणावं." मी सांगायचो. "भाऊजी, बाबांना सांगा, भूक नाही." मी तेही सांगायचो. माझे रविवार असे जात.

मग त्याला थर्माकोल सापडला. गरम तारेनं कापून गणपतीची मखरं करायची. झालं, माझी गॅलरी गेली. वरणात पांढरे कण आणि अंथरुणात चमकी. माझ्या भुवईवरची सोनेरी चमकी पाहून साहेबांनी एकदा विचारलं, "घरी काही कार्य आहे का?" सासऱ्यांनी मात्र बजावून ठेवलं होतं, "त्याचं मखर घरात नको. उद्या हेही सोडेल."

पहिल्या वर्षीचं एक थोराड मखर विकलंच गेलं नाही. ते डिसेंबरपर्यंत माझ्या बेडरूममध्ये उभं. मी निर्वाणीचं बोललो, तेव्हा वसईतल्या एका ख्रिस्ती वाडीत नाताळचा गोठा म्हणून ते खपवायचं त्यानं ठरवलं. मखरावरच्या कमळाची चांदणी केली, खांबांना पेंढा लावला, पण कमानीवरचे दोन मोर काढायचे राहून गेले. टेम्पोतून उतरवताना मी सोबत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाडीतल्या एक मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय रे बाबा, बाळ येशूच्या गोठ्यात मोर कुठून आले?" माफी मागायचं सोडून हा म्हणतो, "मावशी, गाय आली, मेंढरं आली, मग मोरानं काय घोडं मारलंय?" मावशी इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर टेकावं लागलं. मोर राहिले. पुढच्या नाताळात शेजारच्या वाडीनं मोरवाला गोठाच मागितला. मग गणपतीत मखरं, नाताळात गोठे, मध्ये लग्नांची स्टेजं, असं त्याचं चक्र सुरू झालं आणि त्यानं वालीवलाच गाळा घेतला. टेम्पोला धक्का मारायला मात्र मीच.

काही वर्षं अशीच गेली. एका श्रावणात सासरे घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, त्याला विचारा, यंदा आपल्याकडे मखर जमेल का?" मेहुणा समोरच होता. त्यानं मान खाली घातली. "भाऊजी, बाबांना सांगा, यंदा सगळ्या ऑर्डरी भरल्यात. कुणाला शब्द दिलेला मोडता नाही येणार." त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. सासरे चपला घालून बाहेर पडले. समजूत काढायला मी मागोमाग धावलो, तर ते शेजाऱ्यांच्या दारात उभे. "मुलाला मखर सांगितलं हो, पण त्याला फुरसत नाही. बापालासुद्धा नाही म्हणाला!" मग पुढच्या दारात, मग त्याच्या पुढच्या. चाळीच्या टोकापर्यंत ते हेच सांगत गेले, आणि मी गाढवासारखा मागे उभा.

त्या वर्षी गणपती सासूबाईंच्या जुन्या शालूसमोर साध्या पाटावर बसला. विसर्जनाला निघताना मेहुण्यानं मूर्ती उचलली. सासरे पुढे झाले आणि म्हणाले, "सांभाळून रे. पुढल्या वर्षी पहिलं मखर आपलं कर."

मी सवयीनं निरोप द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "हो, बाबा," तो म्हणाला होता. इतकी वर्षं ज्या कामाला मी कंटाळलो होतो, ते सुटलं. सुटल्याचा आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.