खंडेनवमीचा हार

आज शेजारणीचं कपाट पाइनच्या खोक्यातून आलं. त्या लाकडाच्या वासानं मी थेट चाकणच्या आमच्या पॅकिंग खात्यात पोचले.

खंडेनवमी होती. पट्ट्या आवळायच्या मशीनला आम्ही बायांनी झेंडूचा हार घातला होता. साहेब पेढा खात म्हणाले, "ताई, मशीन दुरुस्तीला चाललंय. नीट बांधा, परत आणायचंय."

"व्हय साहेब, आमचंच हाय ते," आमच्यातली मंदा म्हणाली. पाइनच्या खोक्यात मशीन बांधताना तिनं हारही काढला नाही.

मशीन गेलं ते बंदराजवळच्या नव्या गोदामात. पाठोपाठ सगळं पॅकिंगच तिकडं हललं, आम्ही घरी बसलो. साहेबांना पेढा खातानाच ते ठाऊक होतं.

आणि खोक्यावर मी लाल खडूनं लिहिलं होतं, 'सांभाळून न्या.'