बसस्टॉपवरची चिक्की

२०१७ सालच्या हिवाळ्यात मी कॅनडात ब्रॅम्पटनला कॉलेज सांभाळून एका वेअरहाऊसमध्ये काम करायचो. तिथे एकही खिडकी नव्हती. सकाळी अंधारात आत शिरायचं आणि संध्याकाळी साडेसहाला अंधारातच बाहेर पडायचं.

गेटसमोरच्या बसस्टॉपवर ती आधीच उभी असायची. बोलण्यावरून पंजाबी. भुवयांपर्यंत हूड, नाकापर्यंत स्कार्फ, मध्ये नुसते डोळे. दोनदा डावा, दोनदा उजवा असे बूट आपटायची. मग एक ग्लोव्ह दातांनी ओढून काढायची, खिशातल्या चिक्कीचा तुकडा मोडायची आणि माझ्यापुढे धरायची.

"लो अंकल. शुगर तो नहीं है ना?"

मी चोवीस वर्षांचा होतो. पण मफलर खाली करून तिला तसं सांगण्याइतकंही त्राण उरलेलं नसायचं. मी नुसती नकारार्थी मान हलवून तुकडा घ्यायचो.

मार्चमध्ये तिथल्या उन्हाळी वेळेप्रमाणे घड्याळं तासभर पुढे गेली आणि एका संध्याकाळी बाहेर पडलो तर चक्क ऊन होतं. मी मफलर, टोपी काढून स्टॉपवर गेलो. पिकल्या केसांची एक बाई तिथे उभी होती. तिने बूट आपटले, तेव्हा कुठे मी तिला ओळखलं. चिक्की पुढे करताना तिचा हात मध्येच थांबला.

"हाय रब्बा, तुम तो मेरे बेटे से भी छोटे हो!"

"फिर इतने दिन अंकल क्यों बोला, आंटी?" मी हसत विचारलं.

ती हसली नाही. अख्खी चिक्कीच माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "उस गेट से तुम चलके ही वैसे आते थे, बेटा."