गोट्या कच्चं खातो!

घरात कुत्रा असला की किस्से त्याच्या केसांसारखे साचत जातात. रोज झाडून काढा, सोफ्याखाली पुन्हा आहेतच! कोलकात्याच्या बेहाला भागातल्या आमच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये यंदा जे साचले, ते सगळे गोट्याच्या जेवणाचे.

गोट्या म्हणजे आमचा लॅब्राडॉर. बाबांची बँकेतली शेवटची बदली कोलकात्याला झाली आणि रिटायर होऊन ते इथेच राहिले. मी स्कॉटलंडला शिकायला गेले आणि माझ्या खोलीत गोट्या राहायला आला. शिकून परत आले, तर त्याचं पिंप झालेलं! जिना चढताना प्रत्येक मजल्यावर बसकण मारायचा. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "वजन उतरवा. नाहीतर गुडघे जातील, आणि मग याला तिसऱ्या मजल्यावर कोण उचलून नेणार?"

मी त्याच दिवशी घरात जाहीर केलं, "आजपासून गोट्या रॉ फूड खाणार!"

"म्हणजे कोशिंबीर?" आईने विचारलं.

"कच्चं मटण, आई."

आमचं घर पक्कं शाकाहारी. गोट्यासकट! दहीभात, वर साजूक तुपाची धार. मी अर्धा तास बोलले. निसर्ग, दात, पचन, लांडगे, सगळं सांगितलं. कुत्र्याला त्याचा मूळ स्वभाव परत द्यायला हवा, असंही म्हणाले.

बाबांनी पेपर खाली केला. "त्याचा मूळ स्वभाव दहीभात आहे," म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर!

*

आयुष्यात पहिल्यांदा मटणाच्या दुकानात गेले. इथला खाटीक आधी विचारतो काय करणार, आणि मग त्या हिशेबाने तुकडे करतो.

"कषा, ना झोल?" परतून घट्ट करणार, की पातळ रस्सा?

"दोन्ही नाही. कच्चंच देणार. कुत्र्याला."

त्याचा सुरा हवेतच थांबला. "शोरीर खाराप?"

तब्येत बरी नाही का, असं विचारत होता. मी गुडघ्यांचं सांगितलं. झालं! सगळी रांग डॉक्टर झाली. एक आजोबा म्हणाले, आजाऱ्याला पातळ झोलच हवा, कच्ची पपई घालून. एक बाई म्हणाल्या, कांदा-लसूण मात्र नको, देवीच्या प्रसादाचं मटण करतात तसं करा. ते कुणालाही चालतं!

"अहो, पण मी शिजवणारच नाहीये!" मी ओरडले.

सगळ्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. घरी आले तेव्हा पिशवीत मटण होतं आणि एक कच्ची पपई. पपईला मी हो कधी म्हणाले, ते अजून आठवत नाही.

*

पहिला वाडगा मी स्वतः गोट्यापुढे ठेवला. त्याने वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मग एक तुकडा हळूच तोंडात धरून थेट स्वयंपाकघरात गेला, ओट्यावरच्या कुकरच्या बरोबर खाली तो ठेवला आणि शिट्टीची वाट बघत बसला!

कारण आमच्याकडे जेवण म्हणजे आधी कुकरची शिट्टी. गोट्याच्या लहानपणापासून तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी कुकरमध्ये नुसतं पाणी घालून शिट्टी काढली. धावत आला! वाडग्यात बघितलं. कुकरकडे बघितलं. मग माझ्याकडे असं बघितलं, की मला स्कॉटलंडला परत जावंसं वाटलं.

आई म्हणाली, "त्याला फसवू नकोस गं. तो तुला अजून नीट ओळखत पण नाही."

हे मात्र मला लागलं. रोज परक्यासारखा माझा हात हुंगायचा. त्याचे गुडघे वाचवायचे होतेच, पण एकदा तरी त्याने शेपटी हलवत माझ्या हातचं खावं, असंही वाटायचं.

*

आईची अट एकच होती. "देवाचं दूध असतं त्या फ्रिजमध्ये मटण येणार नाही." म्हणून गोट्याचे डबे पहिल्या मजल्यावरच्या आमच्या बंगाली शेजारीण काकिमांच्या फ्रिजमध्ये. काकिमा एकट्याच राहतात आणि त्यांना कुणी काही मागितलं की आनंद होतो.

जामाईषष्ठी आली. त्या दिवशी इथे जावयाला बोलावून भरपेट जेवायला घालतात. संध्याकाळी काकिमा स्वतः दोन मजले चढून वर आल्या, हातात मिठाईचा बॉक्स.

"जावई म्हणाला, इतकं छान मटण या घरात कधी खाल्लं नव्हतं!"

"वा! कुठून आणलंत?"

"आणायचं काय? गोट्याचं होतं ना!"

वर मलाच म्हणाल्या, "पुढच्या वेळी थोडं जास्त आणत जा."

*

मग काहीतरी घडलं. मला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, डमडमला नोकरी लागली, सकाळी बाहेर पडायला लागले, आणि दुपारचा वाडगा बाबांकडे गेला. खालून डबा आणायचा, वाडग्यात काढायचा, समोर ठेवायचा. बास.

पहिल्याच संध्याकाळी वाडगा लख्ख!

"खाल्लं?"

"खाल्लं," बाबा म्हणाले.

"कच्चं?"

"वाडगा बघ ना."

पावसाळा संपेपर्यंत गोट्याची कंबर दिसायला लागली. तीन मजले न थांबता चढू लागला. डॉक्टरांनी त्याला काट्यावर दोनदा उभं केलं. "काय देताय?" मी पुन्हा अर्धा तास बोलले. लांडग्यांसकट! मराठी मंडळाच्या गणपतीतही बोलले. दोन कुटुंबांनी माझा नंबर घेतला.

फक्त एक कळेना. या सगळ्यात बाबांच्या पँटी घट्ट कशा झाल्या?

*

परवा ऑफिस लवकर सुटलं. जिन्यात पपईचा आणि आल्याचा वास. काकिमांचं दार उघडं होतं.

टेबलाशी बाबा बसलेले, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. शेजारी जमिनीवर गोट्या, पुढे त्याचा वाडगा. दोघांची तोंडं स्वयंपाकघराकडे. आत काकिमांच्या कुकरची शिट्टी झाली आणि दोघांचे कान एकदमच उभे राहिले!

तेवढ्यात गोट्याला मी दिसले. शेपटी हलवत आला, माझी ओढणी दातात धरली आणि मला ओढत टेबलापर्यंत घेऊन गेला.

"बाबा!"

"कांदा-लसूण नाही यात," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही मटण..."

"ओरडू नकोस. बस आधी." त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "तो एकटा जेवत नाही."