साडूच्या दारातली जर्मन गाडी

माझा साडू नवी गाडी घेतो तेव्हा माझ्या पोटात दुखतं. बायकोला मी हे सरळ सांगितलंय. ती म्हणते, "ओवा खावा." ओव्यानं जाणारं दुखणं न्हाय हे.

मी मूळचा कंग्राळीचा, राहतो बेळगावच्या टिळकवाडीत, हायस्कुलात गणित शिकवतो. गाड्यांचं वेड मला कळायला लागल्यापासूनचं. पण माझी स्वतःची गाडी लहान, पांढरी आणि इतकी चारचौघींसारखी, की लग्नाच्या हॉलबाहेर मी दोनदा दुसऱ्याच्याच गाडीला किल्ली लावून शिव्या खाल्ल्यात. साडू निपाणीचा. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं पाइप आणि ठिबकचं दुकान हाय, आणि ते जोरात चालतं. दर तीन-चार वर्षांनी हा बाबा गाडी बदलतो. का बदलतो विचारलं तर म्हणतो, "कंटाळा आला वो अण्णा." गाडीचा कंटाळा! माणसाला असा कंटाळा येऊ शकतो हेच मला मान्य न्हाय.

रविवारी लोक देवळात जातात, हॉटेलात जातात. मी शोरूममध्ये जातो. नव्या गाडीचं दार लावताना जो आवाज येतो त्यावरून मी पत्र्याची जात सांगतो. बेळगावातल्या विक्रीवाल्या पोरांनी मला आता ओळखलंय. पहिल्या खेपेला कॉफी आली, पुढच्या खेपेला पाणी, त्यानंतर "सर, बघा तुम्ही, मी आलोच" म्हणून पोरगं जे गेलं ते गेलंच. म्हणून मी कोल्हापूर धरलं. तिथं अजून कॉफी मिळते. टेस्ट ड्राइव्हला हायवेवर गाडी मिळाली की मी दक्षिणेकडंच काढतो, घराच्या दिशेनं, म्हणजे थोडा वेळ ती आपलीच वाटते. कोगनोळीचा नाका दिसायला लागला की शेजारचं पोरगं चुळबुळ करतं. "सर, इथनं वळवूया." कर्नाटकात न्यायची परवानगी नसते त्यांना. मी वळवतो. नाक्याच्या अलीकडं ती माझी असते, पलीकडं मी यष्टीनं येतो.

साडूचं तसं न्हाय. त्याला गाडी आवडावी लागत न्हाय, तो घेतोच. आणि घेतली की मला फोन. "अण्णा, डिलिव्हरीला या. तुम्हाला त्यातलं कळतंय." मग मी रजा टाकून जातो, वाकून टायरवरचं साल बघतो, रंगावर उजेड तिरका पाडून कुठं ओरखडा हाय का ते बघतो, बॉनेट उघडून उगंच हुंकार देतो. हे सगळं झाल्यावर गाडीवरचं लाल कापड साडू ओढतो. हार साडू घालतो. चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडायचा मानही त्याचाच. पुठ्ठ्याची ती भली मोठी किल्ली हातात घेऊन तो आणि मेव्हणी हसतात, आणि फोटो मी काढतो. मागच्या खेपेला किल्ली घेऊन झाल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "डिझेल का पेट्रोल वो ही?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर नंबर एमएच. सीमेपलीकडं, कागलच्या चुलतभावाच्या पत्त्यावर. सीमाभागाच्या मोर्च्यांत घसा मी बसवून घेतला, आणि एमएचची पाटी मिरवत फिरतो हा! माझं आपलं केए बावीस.

पण एका बाबतीत मी त्याच्या पुढं होतो. निपाणीतल्या आप्पांची गाडी. आप्पा म्हणजे तंबाखूचे जुने व्यापारी, जैन, वयानं खूप थकलेले. त्यांच्या रिकाम्या वखारीत एक जर्मन गाडी उभी असायची. कंपनीचं नाव मी घेत न्हाय. ज्याच्या दारात ती उभी न्हाय त्यानं ते नाव घेऊ नये असं आपलं मला वाटतं. साठेक वर्षांची असावी. सायीच्या रंगाची, मडगार्ड गोल, पुढची जाळी ताठ उभी, स्टिअरिंगचं चाक परातीएवढं आणि गिअरची दांडी त्याच चाकाशेजारी. आप्पांच्या वडिलांनी ती मुंबईच्या कुणा साहेबाकडनं आणली होती म्हणे. वखारीत तंबाखू संपून जमाना झाला तरी वास गेला नव्हता. गाडीच्या गाद्यांनाही तोच वास. कुणाला शिंका येतील, मला भूक लागायची.

मेव्हणीकडं जायचं निमित्त करून मी वर्षानुवर्षं तिथं गेलो. आप्पा "बर्री, कुंड्री" म्हणत कानडीतनं स्वागत करायचे आणि पुढचं सगळं मराठीत. चहा व्हायचा. मग मी गाडीत बसायचो. ती डिझेलची, तिला आधी तापवावं लागायचं. डॅशबोर्डावरची मूठ अर्धी ओढून धरायची. मुठीशेजारच्या बारक्या जाळीमागं एक तार लाल व्हायला लागते. लाल झाली की मूठ पुरती ओढायची. मग ती खोकायची, धूर टाकायची, आणि एकदा लागली की लागली. इंजिन थोडा वेळ चालवून मी बंद करायचो. कागद संपलेले, त्यामुळं बाहेर काढायचा प्रश्न नव्हता. पण तिच्याविषयी जे जे छापलेलं मिळालं ते मी वाचलं. आप्पांना ठाऊक नसलेलं मी आप्पांना सांगायचो, आणि ते कौतुकानं "हौदा? असं व्हय?" म्हणायचे.

मागितली मात्र कधी न्हाय. आमच्याकडं तशी रीत न्हाय. पोरगी असो, शेत असो, बैल असो, मनात भरलेली गोष्ट आपण होऊन आपल्या तोंडानं मागायची नसते. मधला माणूस पाठवायचा. तो जाऊन गप्पा मारतो, पाऊसपाणी काढतो आणि जाता जाता म्हणतो, "एक पाव्हणं हाईत, त्यांच्या मनात हाय." पाव्हणं कोण, ते समोरचा जरा मऊ पडला की सांगायचं. म्हणजे नकार आला तरी कुणाचं तोंड वाईट होत न्हाय. मी याच रीतीत वाढलो, आणि मला ती चांगलीच वाटत आली.

मग बातमी आली की आप्पांचा मुलगा बेंगळूरहून येऊन वखार पाडतोय. गाडी कुठंतरी जाणार. माझी झोप उडाली. पैशाची सोय मी केली. खाली पार्किंगमध्ये टेप लावून जागा मोजली, शेजाऱ्याची स्कूटर सरकवून घेतली. मधला माणूस कोण पाठवायचा, तर आप्पांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला, कानडी येणारा, गावचा एकच. साडू. जिवावर आलं, पण त्याला सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच व्हय? उद्याच जातो की."

गेला. दिवसभर माझा जीव फोनमध्ये. संध्याकाळी फोन आला. "अण्णा, घोळ झाला."

झालं ते असं. साडूनं रीतीप्रमाणं सगळं केलं. चहा झाला, उसाचं झालं, मग म्हणाला, एक पाव्हणं हाईत, त्यांच्या मनात तुमची गाडी हाय. आप्पा गालातल्या गालात हसले. कारण आमच्याकडं ज्याला स्वतःला पाहिजे असतं तोही हेच म्हणतो! लाज वाटते म्हणून पाव्हण्याचा आडोसा घेतो. आप्पांनी आयुष्यभर तंबाखूचे सौदे असेच केले होते. ते आत गेले, देवघरातला नारळ आणला आणि साडूच्या हातात ठेवला, म्हणजे सौदा पक्का. "घे. तूच घे. पाव्हणा-बिव्हणा काय काढतोस!"

"मग सांगायचं न्हवं का, माझ्यासाठी म्हणून?" मी ओरडलो.

"सांगितलं की वो. आमच्या अण्णांसाठी, म्हटलं. तर आप्पा आणिकच हसलं. म्हणालं, त्याला पाहिजे असती तर इतक्या वर्षांत बोलला नसता व्हय? परत्येकाचा एक अण्णा असतोय."

"मग नारळ परत द्यायचा!"

दिलेला नारळ परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर मारल्यासारखं, हे साडूला ठाऊक होतं आणि मलाही. तो म्हणाला, "तुम्ही सोता जावा अण्णा. आप्पांना भेटा. मी देतो गाडी." काय म्हणून जाऊ? दुसऱ्याला दिलेली वस्तू मला द्या म्हणून? मी फोन आपटला. बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "इतकी वर्षं त्यांचा चहा पिलासा. एकदा तोंडानं मागितलं असतंसा तर?" तिच्यावरही मी ओरडलो. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं बहिणीला फोन लावला, आणि आतनं दोघींच्या हसण्याचा आवाज आला.

पुढचे काही महिने मी निपाणीला पाऊल टाकलं न्हाय. पण मोबाइल हाय ना, जाळायला! साडूनं कोल्हापुरात कुणाकडनं तरी गाडी दुरुस्त करून घेतली, कागद करून घेतले. फोटो यायला लागले. गाडी दुकानापुढं. गाडी मळ्यात. मेव्हणी गाडीला टेकून. एका फोटोत टपावर पाइपांचं वेटोळं बांधलेलं बघून मी ताट सारून उठलो. असल्या गाडीच्या टपावर पाइप! मी असतो तर तिच्यावर मलमलीची चादर घातली असती. दर आठवड्याला पुसली असती. रस्त्यावर नेली असती का? खड्डे बघून न्हाय, धूळ बघून न्हाय. काढली असती कधीतरी, सणाला. आणि हा तिला घेऊन रोज भाजी आणायला जातोय.

मग एका रविवारी साडू ती घेऊन टिळकवाडीत हजर. फाटकातनं ती आत आली तसे सगळ्या मजल्यांवरचे लोक खाली उतरले. वकीलसाहेब आले, बँकेतले आले, मला आजवर कधी नमस्कार न करणारे आले. ही कुठली, कुठल्या सालची, सुट्टे भाग कुठनं मिळतात? साडू हात जोडून म्हणाला, "अण्णांना विचारा. मला त्यातलं काय कळत न्हाय." आणि मी सांगत सुटलो. इंजिन, जर्मनीतलं गाव, ती मूठ आणि ती लाल तार. लोक माना डोलवत होते. त्या थोड्या वेळापुरती पोटातली आग निवली. गाडी त्याची असंल, म्हटलं, पण ती काय हाय हे मलाच ठाऊक हाय. एवढं कुणी काढून घेऊ शकत न्हाय.

"चला अण्णा," साडू म्हणाला आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसला. "तुम्ही चालवा."

मी मूठ ओढली, तार लाल झाली, इंजिन लागलं. लोक बघत होते. पहिला गिअर पडला, आम्ही फाटकाबाहेर आलो. रस्ता मोकळा होता. मी क्लच दाबला आणि दांडी दुसऱ्यात ओढली. न्हाय गेली. परत ओढली. कर्रर्र करून सगळी गाडी थरथरली. मागनं एका रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. जास्त जोर लावला, तशी दांडी अडकूनच बसली. पुस्तकात दिलेलं सगळं मला पाठ होतं. चारही गिअरच्या जागा मी झोपेत सांगितल्या असत्या.

साडूनं माझ्याकडं बघितलंही न्हाय. तो समोर रस्त्याकडं बघत होता. त्यानं उजवा हात लांब केला, माझ्या हातावर ठेवला, दांडी जरा मोकळी सोडायला लावली, वरच्या बाजूला अलगद टेकवली, आणि मग खाली आणली. गिअर आवाज न करता पडला. गाडी पुढं सरकली.

"ओढायचं न्हाय तिला," तो म्हणाला. "आधी वर नुसतं टेकवायचं. थंड असली की तिला आवडत न्हाय." मग हात काढून घेत, अगदी मायेनं, "घाई करू नकासा अण्णा. बसंल हात हळूहळू."

गाडी त्याच्या दारात गेली तेव्हाही मी इतका जळालो नव्हतो. मी मान हलवली, आणि पुढच्या चौकापर्यंत दुसऱ्याच गिअरमध्ये गेलो. तिसऱ्यात तिची काय खोड असंल, ते मला त्याला विचारायचं नव्हतं.