विमानाची कुंची

आमच्या सेलूच्या शाळेत विमान होतं म्हटलं की परभणीची माणसंसुद्धा हसायची. हसा बापा! खरंखुरं विमान होतं, पिवळंधमक, एकावर एक दोन पंखांचं, पटांगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडखाली उभं. मी त्या शाळेत शिवणाची बाई होते आणि त्या विमानाचे कपडे मीच शिवायचे.

कपडे म्हणते ते उगाच नाही. त्या काळच्या शिकाऊ विमानाचा सांगाडा लाकडाचा आणि नळ्यांचा, वरून अंगभर कापड ताणून शिवलेलं. दुसऱ्या महायुद्धात हैदराबादेजवळच्या तळावर नवी पोरं त्याच्यावर उडायला शिकली. पुढच्या खुर्चीत मास्तर, मागच्या खुर्चीत शिकाऊ. मास्तरची पाठ कायम शिकाऊकडे, आणि बोलायला मध्ये एक रबरी नळी. लढाई संपल्यावर ते एका फ्लाइंग क्लबात गेलं, तिथंही पोरांना शिकवतच राहिलं. म्हातारं झालं तेव्हा इंजिन काढून आमच्या शाळेला दिलं. धड वेगळं, पंख वेगळे असं रेल्वेनं आलं आणि स्टेशनापासून कापसाच्या बैलगाड्यांवर लादून आणलं. हे सगळं मला हेडमास्तरांनी सांगितलं. मी नोकरीला लागले तेव्हा विमान आधीच मुक्कामाला होतं, आणि त्याचं अंगावरचं कापड कुजून लोंबत होतं.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, याला नवीन नेसवा." मी कशी नेसवणार? पण नववीच्या पोरी आणि मी, आम्ही बाजारातून मांजरपाट आणला, सांगाड्यावर ताणून शिवला, घट्ट बसावा म्हणून तांदळाची खळ चोपडली आणि वरून पिवळा ऑइलपेंट मारला. काय देखणं दिसलं! दिवाळीपर्यंत उंदरांनी डावा पंख खाऊन टाकला. खळ खायला गोड, त्यांचं तरी काय चुकलं? पुढच्या वेळी खळीत मोरचूद घातला. मग दर काही वर्षांनी दसऱ्याला विमानाला नवे कपडे हा आमचा रिवाजच झाला. कापडाला वर्गणी काढावी लागली नाही कधी. बाजारातले लोक आपणहून ठाण पाठवायचे.

उतरवलेलं जुनं कापड बाया मागून न्यायच्या. बारशाला लेकराच्या कुंचीवर विमानाच्या कापडाचा तुकडा लावायचा, म्हणजे लेकरू वर जातं, असं कुणीतरी काढलं. "अगं, वर जातं काय म्हणता! मोठं होतं म्हणा," मी ओरडायचे आणि तुकडा कुंचीवर शिवून द्यायचे. अर्ध्या सेलूच्या पोरांनी ते विमान डोक्यावर घेतलंय.

त्यातलाच एक माझा विद्यार्थी. शाळेच्या मागच्याच गल्लीतला, बाप लवकर गेलेला, आईनं धुणीभांडी करून वाढवलेला. मधल्या सुट्टीत हा डबा घेऊन विमानाच्या मागच्या खुर्चीत बसायचा. मी कुणालाच हाकललं नाही, याला तर नाहीच. इंजिनिअर झाला, दूर मोठ्या शहरात एका धनवंताच्या जुन्या विमानांच्या संग्रहालयात लागला. मी रिटायर झाल्यावर एके दिवशी मोटार घेऊन दारात उभा. "बाई, आपण आपलं विमान उडवू."

आपलं म्हणाला, बरं का.

उडवायचं तर ते नेमकं कोणतं विमान, हे सिद्ध करायला त्याचा लष्करी नंबर हवा. नंबराची पत्र्याची पाटी इंजिनाबरोबरच गेलेली. नंबर रंगवला होता तो सगळ्यात पहिल्या कापडावर, आणि ते कापड कुंच्यांवर लागून गावाच्या पेट्यांत पडलेलं. मग मी दारोदार फिरले. "द्या गं बायांनो, आपलं विमान उडणार हाय." बायांनी पेट्या उपसल्या. शेवटचे दोन आकडे सापडेनात. ते निघाले याच्याच कुंचीवर. मी म्हटलं, थांब, उसवून देते. त्याला घाई. त्यानं कात्री लावली आणि खालच्या कापडासकट तुकडा कापून घेतला. कुंचीला मधोमध भोक पडलं. आई म्हणाली, "घेऊ द्या वो बाई, त्याचंच हाय."

मी एकच मागितलं. तुमच्या संग्रहालयात विमानाच्या नोकरीचा इतिहास लावाल ना, त्यात एक ओळ आमची. सेलूच्या शाळेत होतं, गावानं सांभाळलं. एवढंच. तो पायाला हात लावून म्हणाला, "बाई, तुमची शपथ." त्या शब्दावर शाळेनं विमान दिलं. शाळेला भरीला घालणारी मीच.

नवं इंजिन बसवलं आणि विमान उडालं. मोबाइलवर बघून मी रडले, खोटं कशाला सांगू? मग त्यानं बघायला बोलावलं. त्याच्या आईचे गुडघे धरलेले, म्हणून मी एकटीच गेले.

भिंतीवर भली मोठी पाटी. लढाई, हैदराबाद, क्लब, सगळं बयाजवार. मग शेवटी: 'त्यानंतर हे विमान मराठवाड्यात भंगारात बेवारस पडून होते. त्यात कोंबड्या अंडी घालत.' कोंबड्या! आणि शेजारी काचेच्या पेटीत पिवळ्या कापडाचा तुकडा, दोन आकड्यांचा. खाली लिहिलेलं, 'मूळ कापड, अवशेषांत सापडले.' तुकड्याच्या कडेला माझ्या सुईचे टाके अजून होते.

मी त्याला तिथंच धरलं. "हे तू वाचलंस?"

"बाई, समजून घ्या. मालकांनी लिहून घेतलंय. भंगारातून वाचवलं म्हटलं की लोक थांबून वाचतात. सांभाळलेलं होतं म्हटलं तर त्यात सांगण्यासारखं काय राहतं?"

"मी विचारलं, तू वाचलंस का?"

"वाचलं," म्हणाला, आणि मग चहाचं विचारायला लागला. मी त्याच्या चहाला शिवले नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं असं केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. यानं माझ्या पाठीमागच्या खुर्चीत बसून हे केलं.

घरी आले, कुणाला काही बोलले नाही. महिन्याभरानं त्याची आई आली, काठी टेकत, हातात तीच कुंची. त्याला मुलगा झालेला, बारसं सेलूलाच करायचं ठरलेलं. तोंडभर हसत म्हणाली, "बाई, ह्या भोकाला ठिगळ लावून द्या. इमानाचं कापड उरलं असल तर तेच लावा. अन् तिथं आपल्या सेलूचं लिवलंय ना वो? सगळ्या गल्लीला सांगायलेय मी."

लिहिलंय म्हणावं असं लय वाटलं. जिभेवर आलंही. पण तिचं पोरगं आधीच एक खोटं बोलून बसलेलं, त्यावर माझं कशाला?

"न्हाई लिवलं," मी म्हटलं. "भंगारात पडलं होतं असं लिवलंय. अन् हा कुंचीचा तुकडा काचेत ठिवलाय, तोबी भंगारात सापडला म्हणून."

ती खाली बसली. बराच वेळ कुंचीच्या भोकात बोट घालून फिरवत राहिली. मी सुई ओवली, तिच्याकडून कुंची घेतली आणि ठिगळ कापायला लागले. तिनं माझ्या हातातून कुंची ओढून घेतली आणि घडी घातली.

"र्‍हाऊ द्या बाई. अशीच घालते लेकराला. पाळण्यापाशी बाप उभा असल ना, त्याला दिसू द्या."