आक्काच्या पाठीमागचं पाणी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आमच्या ह्यांना सांगितली असती कदाचित, पण ते त्याआधीच गेले. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढं बसून एकदोनदा मनातल्या मनात म्हणायला गेले, तर तिथंही जीभ भलतीकडं वळली — नातवाची परीक्षा, माझे गुडघे, असलंच काहीतरी मागून उठले. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगायला सोपं जाईल असं वाटतंय. बघू.

आधी फोटोचं सांगते. आमच्या कराडजवळच्या मलकापुरातल्या घरी, बाहेरच्या खोलीत, एक चौकोनी काळापांढरा फोटो लावलेला आहे. समुद्राचा. त्यात होडी नाही, माणूस नाही, पाखरू नाही — खाली ओली वाळू, वर आभाळ, आणि मधे पाणी कुठं संपलं ते कळतच नाही. आलेला प्रत्येकजण त्याच्यापुढं थांबतो आणि "किती शांत हो!" म्हणतो. सांगलीत एका प्रदर्शनात तो लावला होता, तेव्हा एक बाई त्याच्यापुढं उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मला वाटलं, ह्या बाईंना कळलं की काय?

कळणार कसं? फोटोत जे नाही, ते कुणाला दिसतं?

आमचा फोटोस्टुडिओ होता. म्हणजे ह्यांचा. मी सातवी शिकून लग्न होऊन आले, आणि स्टुडिओत मला पहिलं काम मिळालं ते ओले फोटो दोरीला चिमट्यानं अडकवायचं. पुढं सगळंच करायला लागले. कुणी शिकवलं म्हणाल, तर बसून असं कुणीच नाही. फिल्मच्या डब्यावर सूर्य, ढग, सावली अशी बारकी चित्रं असायची, ती बघून मी उजेड ओळखायला शिकले. आमचा कॅमेरा जुना, दोन भिंगांचा, डब्यासारखा. तो पोटाशी धरायचा आणि वरून आत डोकवायचं. आत काचेवर समोरचं सगळं दिसतं, पण डावीकडचं उजवीकडं. नवरानवरी काचेत आपसूक जागा बदलून उभी असायची! फिल्म मोठी, रुंद. पण एका रोलवर फोटो बाराच. तेरावा नाही.

आणि बाराच म्हणून तर ती युक्ती. लग्नात कुणाची मावशी, कुणाचे साडू, कुणाच्या शेजारणी — "आमचा पण एक घ्या!" म्हणून सगळे रांगेत उभे राहायचे. नाही म्हटलं की रुसवे. मग हे नुसता फ्लॅश उडवायचे. लख्ख उजेड पडायचा, माणसं खूष होऊन जेवायला जायची, आणि फिल्म होती तिथंच. आम्ही दोघं घरात त्याला 'कोरडा फोटो' म्हणायचो. हसायचो. त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. त्या माणसांना तरी कुठं आठवण राहायची?

आता आक्का.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं माहेर माणदेशातलं, मेंढरं राखणारं. दोघी बहिणींतल्या एकीनं मेंढरांमागं जायचं होतं. ती गेली, म्हणून मी सातवीपर्यंत शाळेत गेले. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. उलट मी भेटले की म्हणायची, "आमची शिकल्याली आली बघा, हिला इचारा." उंच, काटक, आणि तोंडानं लय फटकळ. तिचा जन्म पाण्याच्या मागं गेला — कुठली विहीर कवा तळ गाठते, कुठल्या ओढ्यात उकरलं तर हातभर खाली ओल लागते, ते तिला पाठ. लग्नानंतरही तेच, फक्त गाव वेगळं.

हे गेले, आणि मोबाईल आल्यावर स्टुडिओत कुणी येईना. मी दुकान बंद केलं. कॅमेरा तेवढा ठेवला. आणि साठीच्या आसपास माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. जन्मभर मी माणसांचे फोटो काढले — पासपोर्टचे, साखरपुड्याचे, बारशाचे. मला एक फोटो असा काढायचा होता, ज्याच्यात माणूसच नाही. माझा स्वतःचा. समुद्राचा. एकाला सांगून पुण्याहून एक रोल मागवला आणि निघाले.

आक्का तेव्हा माझ्याकडं आलेली होती. म्हणाली, "मी बी येते. येवढं पानी पानी म्हंत्यात, बघू तरी." कराडहून एसटीनं निघालो. कोयनानगरच्या पुढं पाण्याचा तुकडा दिसला, तशी ती खिडकीतनं बोट करून मोठ्यानं म्हणाली, "ह्योच का गं समुद्र?" गाडी हसली. मी म्हटलं, "आक्का, हे धरणाचं पाणी." तर म्हणते, "मग हसत्यात कशाला? त्यास्नी आधी म्हाईत हुतं व्हय!" घाट उतरेपर्यंत नाकाला लिंबू लावून बसली, पण खिडकी सोडली नाही.

कोकणातलं ते गाव लहानसं. किनाऱ्यावर सुरूची झाडं, दोन ओढून ठेवलेल्या होड्या, बाकी चिटपाखरू नाही. आक्का पाणी बघून गप्पच झाली. आक्का गप्प! मी तर घाबरले. मग ती पुढं गेली, ओंजळीत पाणी घेऊन तोंडात धरलं, थुंकली आणि ओरडली, "आगं, ह्ये तर खारं! मग मेंढरं काय पित्यात हितली?"

मी दुपारभर फोटो काढत होते. अकरा काढले. त्यातले निम्मे फुकट गेले, हे मला तिथंच कळत होतं. शेवटचा मी राखून ठेवला. सूर्य बुडल्यावर थोडा वेळ पाणी आणि आभाळ एक होतं — ते मला हवं होतं. स्टँड लावला, वर कॅमेरा बसवला आणि वाट बघत बसले. आक्का शेजारी वाळूत बसून होती. तासभर. एकदाही "चल" म्हणाली नाही.

सूर्य टेकला, तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "माझा एक काढ की गं. माझ्या मागं समदं पानी याया पायजे बघ. न्हाईतर गावात बाया म्हंतील, ही थापा मारती."

मोबाईलवर काढायचा, म्हणाल. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. माझा फोन साधा, बटणांचा. फोटो निघणार तर ह्याच कॅमेऱ्यातून, आणि उरलेला एकच.

ती जाऊन उभी राहिली. चपला काढून बाजूला ठेवल्या — आमच्याकडं जुनी माणसं फोटोला चपला काढतात, देवळात गेल्यासारखी. तोंड पुसलं. पदर डोक्यावरून नीट घेतला. दोन्ही हात सरळ खाली, मान ताठ. मी काचेत बघितलं.

इथं मला जरा थांबू द्या.

काचेत आक्का होती. तिच्या मागं पाणी होतं, सगळंच्या सगळं. तिच्या कपाळावरचं गोंदण दिसत होतं. तिनं श्वास धरला होता. तो फोटो चांगला होता हो. जन्मभर मी उजेड बघितला, मला कळत नव्हतं असं नाही. मी आजवर काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा तो चांगला होता, आणि फक्त बटण दाबायचं होतं.

आणि मला तिचा राग आला. माझ्या रिकाम्या समुद्रात ही कशाला येऊन उभी राहिली? असं मला वाटलं. सख्ख्या बहिणीबद्दल. किती विचित्र, नाही? — पण विचित्र म्हणून सोडवून घेते आहे का मी स्वतःला? वाईट होतं. तोच शब्द.

कॅमेऱ्याच्या वरच्या झाकणात एक बारकं भिंग असतं, ते आत दाबलं की नुसतं 'टक्' वाजतं, फोटो निघत नाही. मी ते दाबलं. टक्.

"झालं, आक्का."

"झाला?" तिनं धरलेला श्वास सोडला, आणि मग हसली. "आता हसू का?"

मग मी तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती चपला हातात घेऊन झाडाखाली गेली. थोड्या वेळानं मी बारावा फोटो काढला. तोच हा — बाहेरच्या खोलीतला.

महिन्याभरानं तिनं कुणाच्या तरी फोनवरून विचारलं, "माझा फुटू धुतलास का?" मी म्हटलं, "आक्का, फिल्मला उजेड लागला. सगळेच गेले." किती सहज आलं तोंडातून! ती मग म्हणाली, "जाऊ दे बाई, तुझी मेहनत फुकट गेली." आणि मग, "का मीच हलले आसंन गं? वारं लय हुतं."

तेव्हा म्हणता आलं असतं. नुसतं "नाही गं, तू नाही हललीस" एवढं तरी? मी तेही म्हटलं नाही. मी "असेल" म्हणाले. तिथून पुढं ती गावात, पावण्यारावळ्यांत सगळ्यांना हसत सांगायची — म्या समुद्र बघितला, पर मी हलले आन् फुटू बिघडला. माझ्यादेखतही सांगायची. मी चहा घ्यायचे.

आणि खोटं सांभाळावं लागतं, बरं का. सगळे फोटो गेले म्हटल्यावर हा भिंतीवर दिसून कसं चालेल? आक्का यायची असली की मी तो उतरवून कपाटामागं ठेवायचे. भिंतीवर फिकट चौकोन राहायचा, तिथं कॅलेंडर अडकवायचे. तिनं एकदा विचारलंही, "गेल्या टायमाला ह्ये कॅलेंडर आत हुतं न्हवं?" अशी सात-आठ वर्षं काढली मी.

मग एकदा ती न सांगता आली. कराडच्या दवाखान्यात आली होती, तशीच पुढं माझ्याकडं. मी दार उघडलं, आणि माझ्या आधी तिची नजर भिंतीवर गेली. पिशवी खाली न ठेवता ती फोटोपुढं उभी राहिली. बराच वेळ. म्हणाली, "आपुन गेल्तो त्योच ह्यो?"

तेव्हा सांगायचं. तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हटलं, "नाही गं. त्यानंतर मी परत गेले होते एकदा."

तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला सांगता येणार नाही. "मग मला का न्हाई बलिवलंस?"

मी काहीतरी बोलले — गडबडीत ठरलं, तू कामात होतीस. तिनं मान हलवली. "व्हय, काढणी आसंल." पिशवी ठेवली, हातपाय धुऊन आली, चहा घेतला. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "परत कवा गेलीस तर मला न्हे गं. ह्या टायमाला न्हाई हलायची मी."

मी "नेते" म्हणाले.

मी तिथं परत कधी गेलेच नव्हते. तिनं मात्र ते खरं धरलं — की धाकटी मला सोडून एकटी समुद्रावर जाऊन आली. त्यानंतर ती अडीच वर्षं होती. चालती-फिरती होती, बाजाराला जात होती. कराडहून घाटाकडं रोज गाडी होती, आणि रोल मिळत होते. नेलं असतं तर ती पुन्हा चपला काढून तशीच श्वास धरून उभी राहिली असती, आणि मला काचेत तिच्याकडं बघावं लागलं असतं. ते मला नको होतं. म्हणून मी तिला नेलं नाही.