कोपराला कळणारं पाणी

"शाल घेऊन काय करू बाप्पा? माह्याकडं दोन हायेत. एक उंदरानं कातरली."

"शालीचं न्हाई मोठीमाय, मानाचं हाय. पुनवेला विहारात तुमचा सत्कार ठरला. फोटो छापायचा, खाली तुमची माहिती. तेवढी सांगा, म्हंजे मी मोकळा."

विहार समितीचा प्रेमानंद वही मांडीवर घेऊन बसला होता. पद्माबाईनं तव्यावरची भाकर उलथली.

"काय सांगू? मेलेल्या बाया धुतल्या. लिही."

"असं कसं लिहावं? ‘समाजसेवा’ लिहितो."

"लिही बाबा. पर शाल नको, मला एक बाई दे. माह्यानं आता तांब्या उचलत न्हाई. मागल्या महिन्यात नर्मदा गेली, तिची कूस बदलता बदलता मीच तिच्यावर पडत होते. शेजारच्या पुनमला हाताखाली बोलावलं, तर ती नर्मदेचे पाय बघूनच ओकली. तवा समितीत ठराव करा. एकीनं तरी शिकावं म्हणा. न्हाई तर मी मेल्यावर मला कोण धुवावं?"

"विषय मांडतो बैठकीत."

"तीन वर्षं झाले, तू मांडूनच राहिला."

प्रेमानंद हसला, पण वहीत काही लिहिलं न्हाई. भाकर खाऊन निघून गेला.

पद्माबाईचं वय साठी-सत्तरीच्या मधात कुठंतरी. आधार कार्डावर एक, मायच्या सांगण्यात दुसरंच. आखाडा बाळापूरपासून दोन कोसांवरच्या या गावात ती चौदाव्या वर्षी जळबाची बायको होऊन आली. जळबा हळद शिजवायच्या कामात पक्का, आणि घरापेक्षा विहारात जास्त. विहाराच्या भिंतीसाठी त्यानं नदीची रेती वाहिली. स्वतःच्या घराला मात्र तुराट्यांचा कुडच राहिला. त्यावरून दोघांची भांडणं व्हायची. भांडण झालं की तो वर्षावासातल्या ग्रंथवाचनाला जाऊन बसायचा, आणि भाकरी झाकून ही त्याच्या मागं. तिला अक्षर येत न्हाई. वंदना मात्र ऐकून ऐकून तोंडपाठ झाली. जळबा गेला आणि विहारात पुढं बसून वंदना म्हणायचं तिच्याकडंच आलं.

बाया धुवायचं काम तिच्या गळ्यात पडलं ते सासूच्या मरणात. तवा हे काम म्हातारी गयाबाई करायची. तिनं तांब्या पद्माबाईच्या हातात दिला. "सून हायेस, ओत." पाणी कोमट पाहिजे, कोपर बुडवून बघ, लेकराच्या न्हाणासारखं, असं म्हातारीनं सांगितलं.

"मेलेल्याला कशाचा चटका बसतो?" पद्माबाईनं विचारलं होतं.

"तिला न्हाई बसत. तुह्या हाताला बसतो, मंग तू घाई करतीस. घाईनं धुतलेलं अंग लोकाला दिसतं."

बांगड्या साबण लावून काढायच्या, फोडायच्या न्हाईत. केसाचा गुंता सावकाश सोडवायचा. नाकातली फुली निघत नसली तर राहू द्यायची. पाणी ओतताना त्रिसरण म्हणायचं, आपल्यापुरतं, तोंडातल्या तोंडात. एवढीच शिकवणी. त्यानंतर बाळंतपणात गेलेल्या, साप चावलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या, वस्तीतल्या समद्या बाया तिच्या हाताखालून गेल्या. पोटची लेक करुणा नवव्या वर्षी काविळीनं गेली. बाया म्हणाल्या, "तू माय हायेस, तू नको." ती म्हणाली, "मंग कोण?" तिनं पदर खोचला.

एकदा एका घरची सून चक्कर येऊन पडली, मेली, म्हणून बोलावणं आलं. लुगडं सोडलं तर पाठीवर वळ. पद्माबाईनं तांब्या खाली ठेवला. "आधी पोलीस पाटलाला बोलवा, मंग पाणी घालते." त्या घरानं पाच वर्षं तिला आपल्या विहिरीचं पाणी भरू दिलं न्हाई. सहाव्या वर्षी त्यांची म्हातारी मेली आणि तेच लोक मान खाली घालून दारात आले. पद्माबाई गेली. जाताना एवढंच म्हणाली, "पाणी तुमच्याच विहिरीचं घ्या."

तर प्रेमानंद. दुसऱ्या दिवशी तो बाळापूरला फोटोच्या दुकानात गेला. दुकानवाल्याकडं दोनच साचे तयार होते. वाढदिवसाच्या साच्यात केक आणि फुगे. ते काही त्याला बरं दिसलं न्हाई. त्यानं दुसरा घेतला. निळ्या पाटीवर पद्माबाई, फोटोला हार, खाली दोन मेणबत्त्या, आणि ओळ: ‘सेवाभावी आयुष्याची आठवण’. त्यानं तो फोटो वस्तीच्या ग्रुपवर टाकला, फोन खिशात घातला आणि मोटरसायकलवर हिंगोलीला निघून गेला.

पद्माबाई तवा ओढ्यापलीकडच्या आपल्या अर्ध्या एकर हळदीत एकटी खुरपून राहिली होती. पुढच्या दाराला कुलूप, फोन आत चार्जिंगला. आठ दिवसांमागं ती नांदेडला डोळे दाखवून आली होती, एवढं वस्तीला माहीत होतं. मेणबत्त्या बघून बाकीचं वस्तीनं आपसूक जुळवलं. कुणी म्हणालं, पहाटंच दवाखान्यात नेली. कुणी म्हणालं, नांदेडहून गाडी निघाली. कळमनुरीची भाची तर जीपमधे बसली सुद्धा. बंद घरात फोन वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा.

कंबर धरून पद्माबाई चहाला म्हणून घराकडं आली. घराच्या मागच्या अंगाला पोचली तर पुढच्या अंगणात बायांचा घोळका. ती कुडाआड थांबली. आता कोण गेलं बाई? आणि आधी मनात दुःख आलं न्हाई, कंटाळा आला. आता परत पदर खोचा. परत बसा ओल्या दगडावर.

"धुणारी तर तीच होती," तिची चुलत जाऊ म्हणून राहिली होती. "आता पद्मालाच कोण धुवावं?"

"बाळापूरची नर्स आणा."

"मला तर बीपी हाय बाई."

"माहे गुडघे वाकतच न्हाईत."

"तिची सून येईल की पुण्याहून."

"ती येईस्तोवर दिवस बुडतो."

पद्माबाईला आता उमगलं. ती कुडाला टेकली. समद्यांचे गुडघे एकदमच गेले होते. चाळीस वर्षं यांच्या आया, सासवा धुतल्या, आणि हे ऐकायला मिळालं तेही जित्तेपणी.

तेवढ्यात धूर नाकात गेला. न्हाणीपाशी तीन दगडांच्या चुलीवर हंडा होता आणि पुनम फुंकून राहिली होती. पुनम हिंगोलीची, बारावी शिकलेली. हिला गॅसशिवाय पाणी तापवता येत न्हाई म्हणून वस्ती हसायची. डोळे लाल झाले होते, धुरानं म्हणा की कशानं. बाजूला साबण, कंगवा, धुतलेलं पांढरं पातळ.

"तुह्यानं व्हायचं न्हाई पोरी," जाऊ म्हणाली. "तू ओकतीस."

"ओकीन मंग. ओकून येईन, परत बसीन. फक्त पाणी किती गरम ठेवायचं, ते कुणाला ठावं हाय का?"

पद्माबाई घराच्या बगलेनं पुढं आली. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. एकीनं तोंडात पदर कोंबला. पद्माबाईनं कुणाकडं बघितलं न्हाई. सरळ हंड्यापाशी गेली आणि कोपर बुडवून झटकन काढलं.

"लई कढत. भाजून काढतीस का मला?"

"आत्याबाई, तुमी..."

"मी खुरपून आले. हात नको घालू, हात भाकरीनं मेलेले असतेत, त्याला कढत कळत न्हाई. कोपर घाल."

पुनमनं थंड पाण्याचे दोन तांबे ओतले. कोपर घातलं. "आता?"

"अजून एक."

"आता?"

पद्माबाईनं परत बघितलं. "आता बराबर."

कमरेची चावी काढून तिनं कुलूप उघडलं. वाजता फोन उचलला तर पुण्याहून पोरगा रवींद्र रडून राहिला होता. "जित्ती हाय," ती म्हणाली. "जाय, आपल्या कामाला लाग." कळमनुरीची भाची जीपमधून उतरली ती रडतच, तिला कुणीतरी पाणी दिलं. बाया एकेक करून उठल्या. जाता जाता जाऊ हळूच म्हणाली, "फोटो मातर चांगला आलाय तुहा."

"मरताना हाच लावा," पद्माबाई म्हणाली.

तापलेलं पाणी वाया काहून घालवावं? ती न्हाणीत दगडावर बसली. "पुनम, पाठीवर ओत जरा. माहा हात पुरत न्हाई."

पुनम ओतू लागली. तांब्यामागं तांब्या, भराभर.

"घाई करून राहिलीस."

पुनमनं हात सावकाश केला. पद्माबाईनं डोळे मिटले. किती वर्षांनी तिच्या पाठीवर दुसऱ्याच्या हातचं पाणी पडून राहिलं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं. हंडा निम्मा झाला तशी ती गुडघ्यावर हात रेटून उठली.

"आता कुणी गेलं की तुला हाक मारीन. तवा काही न खाता ये."

"येते," पुनम म्हणाली.

चहा पिऊन पद्माबाईनं तेच चिखलाचं लुगडं परत नेसलं. दोन सऱ्या राहिल्या होत्या. कुडात खोचलेलं खुरपं उपसून ती ओढ्याकडं निघाली.